दीडचा ठिपका

तीन वाजायला पाच मिनिटं असताना शाईवालीला ती बाटली सापडली. लाइनच्या टोकाला, फडक्याच्या डब्यामागे आडवी पडली होती. खोक्यात भरताना कुणाच्या तरी हातून निसटली असणार. बोटाएवढी काचेची बाटली. तिच्यावर '१५' छापलेलं होतं, आणि त्या दिवशी त्या लाइनवर पंधराची एकही बाटली भरलेली नव्हती.

तिला आधी वाटलं, कुणीतरी पुढच्या मालाची चाचणी घेतली असेल. पण पुढचा माल साडेतीनला सुरू व्हायचा होता, आणि प्रिंटरला हात लावायची मुभा अख्ख्या कारखान्यात तिच्याशिवाय कुणाला नव्हती. मग तिने बाटली फिरवून मालाचा क्रमांक वाचला. क्रमांक आजचाच होता, '१.५'च्या, म्हणजे दीडच्या मालाचा.

या लाइनवर औषध एकच भरलं जायचं. आकडी येते आणि थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा शिरेतून द्यायचं औषध. त्याच्या ताकदी दोन. दीडची लहान मुलांसाठी आणि पंधराची मोठ्या माणसांसाठी. बाटली तीच, बूच तेच, कोरं लेबलही तेच. फरक काय तो लेबलावर शाईने छापलेल्या आकड्याचा. दीडच्या बाटलीवर पंधरा छापलं गेलं, तर नर्स पंधरा समजूनच सुईत औषध ओढणार, म्हणजे हवं त्याचा दहावा हिस्सा. सुई टोचली जाईल, घरचे लोक पलंगाच्या कडेला उभे राहून वाट बघतील, आणि आकडी थांबणार नाही. शाईवालीला हे तोंडपाठ होतं. कामावर घेताना पहिल्याच दिवशी तिच्याकडून ते वदवून घेतलं होतं.

छापायचं काम पिचकारीचं. प्रिंटरला हे नाव कामगारांनी ठेवलेलं होतं. शाईवालीला ते आवडत नसे, पण मग 'शाईवाली' हे नाव तरी तिला कुठे कुणी विचारून ठेवलं होतं? पिचकारीतून शाईची धार सुटते, केसाहून बारीक, आणि सुटल्या सुटल्या तिचे थेंब होतात, सेकंदाला हजारो. ज्या थेंबाला बाटलीवर जायचं आहे, त्याला एका खाचेतून जाताना विजेचा भार मिळतो. भार जितका जास्त, तितका तो पुढच्या दोन पट्ट्यांमध्ये वर वळतो आणि बाटलीवर वर जाऊन बसतो. ज्याला भार नाही तो सरळ जातो, समोरच्या नळीच्या तोंडात पडतो आणि पुन्हा टाकीत येतो. बहुतेक थेंब दिवसभर अशा नुसत्या येरझाऱ्या घालतात. कुठल्याही कचेरीत काही माणसं घालतात, तशाच.

यातली गोम अशी, की सगळ्यात खालच्या ओळीतल्या थेंबाला सगळ्यात कमी भार असतो. तो नळीच्या ओठाला जवळजवळ घासूनच जातो. भार जरा कमी पडला, तर वरचे थेंब किंचित खाली बसतात, आकडा थोडासा बुटका होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. खालचा थेंब मात्र थेट नळीत जातो. आणि सगळ्यात खाली होता तो दीडचा ठिपका.

तो ठिपका तिथे नेला होता खुद्द शाईवालीने. आधी तो आकड्यांच्या पायाशी, त्यांच्याच ओळीत असे. गेल्या वर्षी तिने सुचवलं, की तो एक ओळ खाली घेऊ या, म्हणजे सुटा उठून दिसेल, कुणाची गफलत व्हायला नको. लाइनच्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. आठवडाभर ती हवेत होती. ठिपका दिसावा म्हणून जिथे नेऊन ठेवला, तिथूनच तो सगळ्यात आधी हरवणार होता, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही, आणि आत्ता हातात बाटली धरून उभी असताना ते आलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. फक्त पाय दुसऱ्या कुणाचा तरी होता.

खरं तर असं काही होऊ नये म्हणून पिचकारीत एक सेन्सर होता. बाटलीवर जायचा प्रत्येक थेंब त्याच्यासमोरून जाई आणि त्याच्यावर भार आहे की नाही, हे तो पाही. नसला की लाल दिवा, भोंगा, लाइन बंद. त्याला सगळे सासूबाई म्हणत, कारण एवढ्यातेवढ्यावरून ठणाणा करायची त्याला खोड होती. शाईवालीच्या घरी सासू नव्हती, ती लग्नाआधीच वारली होती. तेव्हा ही उणीव कारखान्याने भरून काढली, असं बायका म्हणत आणि फिदीफिदी हसत.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला सासूबाईंनी तीनदा लाइन थांबवली. पडद्यावर तीनदा तेच: थेंबांवर भार आढळला नाही. शाईवालीची अटकळ अशी, की नऊ वाजायच्या आधी तिने पिचकारीचं तोंड थिनरने धुतलं होतं आणि तीन मिनिटं वाळवायच्या ऐवजी एकच मिनिट वाळवलं होतं, म्हणून सेन्सर ओला राहून खोटं बोलत असावा. मागे साहेब येऊन उभे राहिले. ते बोलताना समोरच्या माणसापेक्षा मनगटाकडे जास्त बघत, म्हणून त्यांचं नाव घड्याळसाहेब.

"काय ते कर, पण लाइन हलू दे," ते म्हणाले. "चारला गाडी आहे."

शाईवालीने पासवर्ड टाकला आणि सेन्सरची तपासणी बंद केली. मग लुकलुकता दिवा लावून भिंगातून धार पाहिली. थेंब एकामागून एक नीट सुटत होते, गोल, टपोरे. आपली नजर काय सेन्सरपेक्षा कमी आहे, असं तिला वाटलं. चहानंतर सेन्सर परत चालू करायचा, असं तिने ठरवलंही. पण चहा आला नि गेला, जेवणाची सुट्टी झाली, आणि तो भोंगा नसल्याने लाइन इतकी सुरेख चालली होती, की तिला त्याची आठवणच राहिली नाही. थेंब डोळ्यांना दिसतो, पण त्याच्यावरचा भार दिसत नाही, हे ती नव्या लोकांना स्वतः शिकवायची.

आता ती पळतच पिचकारीपाशी गेली. दीडचा माल संपून पाच मिनिटं झाली होती, धार मात्र अजून चालू होती. तिने सेन्सर चालू केला आणि चाचणीचा एक आकडा सोडला. गप्प राहा, एवढीच तिची मागणी होती. आजच्या दिवस गप्प राहा.

भोंगा वाजला. पॅकिंगच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "आल्या का माहेराहून?" आणि सगळ्या हसल्या.

म्हणजे सकाळीसुद्धा सासूबाई खरंच बोलत होत्या की काय, हे आता कळायला मार्ग नव्हता. तिने धार थांबवली, पिचकारीचं तोंड उघडून भार देणाऱ्या खाचेत दिवा धरला. खाचेवर शाईचा पातळ पापुद्रा चढला होता, दुधावर साय धरते तसा. थेंबांचा भार त्यातूनच गळत होता. किती वेळ, ते सेन्सरच्या नोंदीत असतं. आणि नोंदी तर सव्वानऊनंतर कोऱ्या होत्या.

दीडची एकशे साठ खोकी भरली होती. खोक्यात चाळीस बाटल्या. ती सगळी चिकटपट्टी लावून मागच्या धक्क्यावर गेली होती, आणि धक्क्यावर गाडी लागली होती. ती थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाला होता. ती होती तपासनीस, आणि तपासनीस होती शाईवालीची थोरली नणंद.

हिच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग कायम असे, म्हणून पाठीमागे सगळे तिला भिंगताई म्हणत, तोंडावर ताई. बावीस वर्षं ती या कारखान्यात होती आणि तिची एकही सही कधी खोडावी लागली नव्हती. शाईवालीला तीन वर्षांपूर्वी इथे लावलं तिनेच. राहायच्याही एकाच घरात. ताईंनी लग्न केलं नव्हतं, आणि घरातही त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. शाईवालीचा नवरा गमतीने म्हणायचा, की ताईला घरी भिंग लागत नाही.

ताई आपल्या काचेच्या खोलीत लिहीत बसल्या होत्या.

"ताई, दीडचा माल सोडू नका."

"सोडला की. सही झाली." त्यांनी मान वर केली नाही.

"ही बघा."

ताईंनी बाटली भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. मग त्यांनी ती टेबलावर उभी केली आणि लेखणी बाजूला ठेवली.

"कुठे मिळाली?"

"खाली पडली होती. ठिपका गेलाय. अजूनही असणार, ताई."

"असणार म्हणजे? पाहिल्यास?"

"नाही. खोकी बंद आहेत."

"मग एका बाटलीवरून एकशे साठ खोकी उतरवू म्हणतेस? आणि तिकडे मुलांच्या वॉर्डात कपाट रिकामं होत आलंय, त्याचं काय? परवापासून फोनवर फोन येताहेत." ताईंनी नोंदवही तिच्याकडे फिरवली. "हे वाच. नऊ, दहा, अकरा, बारा, एक, दोन. दर तासाला दहा. साठ बाटल्या मी या डोळ्यांनी बघितल्यात. साठच्या साठ ठिपक्यासकट. लख्ख. तुझ्या त्या यंत्रात इतका घोळ असता, तर साठांत एक तरी सापडली नसती?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

शाईवाली नोंदवहीकडे बघत राहिली. ताईंचं म्हणणं बिनतोड होतं. एवढा पापुद्रा चढलेला, भार गळतोय, आणि साठांत एकही नाही? क्षणभर तिला हायसं वाटलं. खरंच एकच बाटली असेल. चुकार एखादी. मग तिची नजर वेळांवर गेली, नऊ, दहा, अकरा, सगळे बरोबर ठोक्याला, आणि तिला कळलं.

ताई तासाच्या ठोक्याला यायच्या. त्यांच्यावर घड्याळ लावून घ्यावं. आणि म्हणून तीन वर्षं, दर तासाला, पाच मिनिटं आधी शाईवाली धार थांबवायची, पिचकारीचं तोंड आणि ती खाच थिनरने धुवायची, आणि पुन्हा सुरू करायची. का, तर ताई आल्या की छपाई लख्ख दिसावी. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात ताईंनी एकदा 'जरा फिकं वाटतंय' म्हटलं होतं, बस, तेवढंच. घरात कसं, त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला की हात आपोआप ओट्यावर फिरतो, तसंच हे. धुतल्यावर खाच कोरी, भार पुरता, ठिपका जागच्या जागी. ताईंनी दहा बाटल्या उचलून पाठ फिरवली की पापुद्रा पुन्हा चढायला मोकळा. आज त्याला अडवायला सेन्सरही नव्हता.

ताईंनी साठ बाटल्या बघितल्या होत्या, आणि त्या साठही शाईवालीने त्यांच्यासाठी धुऊनपुसून मांडून ठेवल्या होत्या.

सेन्सर बंद केला, एवढंच सांगावं का? ते सांगणं सोपं होतं. घड्याळसाहेबांच्या नावावरही थोडंफार टाकता आलं असतं. पण मग ताई साठ बाटल्यांवर बोट ठेवणार, आणि गाडी जाणार. त्या साठ बाटल्या खोट्या ठरवल्याशिवाय गाडी थांबणार नव्हती.

"ताई," ती म्हणाली, "मी सकाळी सेन्सर बंद केला."

ताईंचा चेहरा कडक झाला.

"आणि तुम्ही यायच्या आधी मी पिचकारीचं तोंड धुते. दर तासाला. पाच मिनिटं आधी. धुतलं की दहापंधरा मिनिटं छपाई चांगलीच येते. तुम्ही नेहमी तेव्हाच बघता." तिने नोंदवहीतल्या वेळा दाखवल्या. "शेवटच्या वीस मिनिटांतलं तुम्ही कधी बघितलंच नाही. मी बघू दिलं नाही."

"आज?"

"रोज."

"किती दिवस?"

"आल्यापासून. तीन वर्षं."

ताईंनी नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, "दर वेळी बरोबर ठोक्याला इतकं स्वच्छ छापतं, याचं मला नवल वाटायचं. मी साहेबांना सांगायचे, आमच्या भावजयीचा हात आहे म्हणून." त्या उठल्या. "आधी सेन्सर चालू असायचा ना?"

"असायचा. आजच..."

"म्हणजे तीन वर्षं माल त्याने सांभाळला. मी नाही."

शाईवालीला वाटलं, यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण ताई दाराबाहेर पडल्या होत्या, आणि झपझप चालणाऱ्या त्या बाईला गाठताना तिची त्रेधा उडाली.

धक्क्यावर ड्रायव्हर मागचं दार लावत होता. घड्याळसाहेब कागद हातात घेऊन उभे होते.

"दार उघडा," ताई म्हणाल्या.

"ताई, चारला..."

"दार उघडा. माझी सही मी परत घेतेय."

बावीस वर्षांत हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. ड्रायव्हरने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मनगटाकडे. शेवटी दार उघडलं. "एक खोकं," साहेब म्हणाले. "एकच फोडा. त्यात काही निघालं नाही तर गाडी निघेल. मला तिकडे तोंड दाखवायचंय." आणि त्यांनी स्वतःच हाताला लागलं ते खोकं ओढलं. एकशे सदतीस नंबरचं.

ताईंनी चिकटपट्टी कापली. एकेक बाटली भिंगाखाली. दहा, वीस, तीस. सगळे आजूबाजूला येऊन उभे राहिले होते. चाळिसावी बाटली जागेवर ठेवून ताई सरळ झाल्या. चाळीसच्या चाळीस दीड. प्रत्येकीवर ठिपका, सुटा, काळाभोर.

"झालं?" साहेब म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

ड्रायव्हरने दाराला हात घातला. ताईंनी शाईवालीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आधार तर अजिबात नव्हता. नुसती वाट बघत होत्या. शाईवालीच्या डोक्यात आकडे फिरत होते. खोक्याला दोन मिनिटं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे पाच. एकला पुन्हा सुरू. दोनच्या ठोक्याला एकशे पस्तीस.

"हे नाही," ती म्हणाली. "हे दोननंतरचं आहे. धुतल्यावरचं. एकशे बत्तीस काढा."

"धुतल्यावरचं म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

मग तिला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी काचेच्या खोलीत नाही, चारचौघांत. हमाल ऐकत होते, ड्रायव्हर ऐकत होता, पॅकिंगच्या दोघी दारात येऊन उभ्या होत्या. आता कुणी हसत नव्हतं. सांगून झालं तेव्हा तिचे कान तापले होते.

"सेन्सर बंद कुणाला विचारून केलास?" साहेब म्हणाले, आणि लगेच गप्प झाले. सकाळी तिच्या मागे कोण येऊन उभं राहिलं होतं, हे त्यांनाही आठवलं असावं. त्यांनी घड्याळ बघितलं.

एकशे बत्तीस आत, तळाशी होतं. हमाल चढला, वरची खोकी हलवली, ते काढलं. पाच खोक्यांचं अंतर, दहा मिनिटांचं काम. ताईंनी पट्टी कापली. पहिली बाटली, ठिपका. दुसरी, ठिपका. पाचवी, सहावी, नववी. शाईवालीने डोळे मिटून घेतले. आपलं चुकलं असावं, सगळं काही ठीक असावं आणि आपण जन्मभर मूर्ख ठरावं, अशी इच्छा तिने आयुष्यात पहिल्यांदाच केली.

"पंधरा," ताई म्हणाल्या.

मग पुन्हा, "पंधरा." आणि लागोपाठ, "पंधरा. पंधरा."

चाळीसांत सतरा निघाल्या.

साहेब फोनवर गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तिकडचं म्हणणं असं, की आठपर्यंत गाडी निघाली तरच सकाळच्या आत पोचेल; मुलांच्या वॉर्डात आजची रात्र निघेल इतक्याच बाटल्या आहेत. म्हणजे माल अडवून चालणार नव्हतं आणि सोडूनही चालणार नव्हतं. सहा हजार चारशे बाटल्या, आठच्या आत, एकेक करून.

"सगळ्यांना बसवतो," साहेब म्हणाले.

"नको. दहा जणांचे डोळे दहा तऱ्हांनी बघतात, मग कुणी काय बघितलं ते कुणालाच सांगता येत नाही. आम्ही दोघी बघतो. बाकीच्यांनी खोकी आणावीत, उघडावीत."

दोन टेबलं समोरासमोर लावली. प्रत्येकीला ऐंशी खोकी. सदोष बाटल्या मधल्या लाल डब्यात. शाईवालीचं खोकं झालं, की ताई त्यातल्या कुठल्याही दहा उचलून पुन्हा बघत. कुठल्याही, मधूनच, आधी न सांगता. ताईंचं खोकं कोण बघणार, हा प्रश्न कुणी काढला नाही. दोघींच्या तपासलेल्या खोक्यांना पट्टी लावायचं काम मात्र शाईवालीकडे होतं.

कामापलीकडे एक शब्द नव्हता. घरी दोघी एकमेकींवर कितीही धुसफुसल्या, तरी भांड्यांचा तरी आवाज असायचा. इथे काचेवर काच टेकल्याचा तेवढा आवाज. साडेचार वाजले, पाच वाजले. लाल डबा एकदा भरून रिकामा झाला. शाईवालीची मान आखडली होती. ताईंनी दोनदा भिंग पुसलं, एकदा डोळे चोळले.

सव्वापाचच्या सुमाराला ताईंचं एक्केचाळिसावं खोकं पट्टीसाठी तिच्याकडे आलं. तिने झाकण दाबायला हात नेला आणि तिसऱ्या रांगेत तिला '१५' दिसलं.

तिने पुन्हा बघितलं. पंधराच होतं.

ताई खाली मान घालून पुढचं खोकं बघत होत्या. शाईवालीची बोटं त्या बाटलीपाशी पोचलीसुद्धा होती. ही उचलायची, आपल्या खोक्यातली एक चांगली तिच्या जागी ठेवायची, ही लाल डब्यात टाकायची. कुणाला कळणार नाही, कुणाचं नुकसान नाही. आज दिवसभरात त्या बाईचं जे झालं ते पुरे झालं, त्यावर आणखी हे कशाला? अगदी मायेनेच तिला तसं वाटलं. आणि तीन वर्षं दर तासाला थिनरचं फडकं हातात घेताना मनात हीच माया होती, हेही तिला तिथल्या तिथे कळलं.

ही गुपचूप काढली असती तर ही एकच निघाली असती. पट्टी लागून भिंतीशी रचलेल्या चाळीस खोक्यांत काय होतं?

"ताई, ही बघा," ती म्हणाली. "तुमच्या खोक्यातली आहे."

बाटली लाल डब्यात जाता जाता थांबावी तशी ताईंच्या हातात थांबली. त्यांनी ती भिंगाखाली धरली, मग भिंग काढून नुसत्या डोळ्यांनी बघितली, मग पुन्हा भिंगाखाली. खोकी आणणाऱ्या पोरी जागच्या जागी थबकल्या. साहेब दारातून आत येत होते, तेही थबकले.

"मी बघितली होती ही," ताई हळूच म्हणाल्या. "हिच्यावर मला ठिपका दिसला होता." "दिसायलाच हवा होता, म्हणून दिसला असेल."



ताईंनी बाटली लाल डब्यात टाकली. डोळ्यांच्या कडा पदराने पुसल्या, त्यात लपवाछपवी केली नाही. मग भिंतीकडे बोट दाखवून पोरींना म्हणाल्या, "ती सगळी परत आणा. माझी चाळीस. पट्ट्या काढा." आणि साहेबांकडे न बघताच, "गाडीला नऊ वाजतील. तिकडे कळवा, की रस्त्यात वेळ भरून काढू. आणि आमच्या दोघींची नावं लिहून ठेवा, काय लिहायचं असेल ते."

साहेब फोनकडे गेले. या खेपेला त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

पहिलं खोकं आलं. ताईंनी ते आपल्यापुढे न ओढता टेबलावरून शाईवालीकडे सरकवलं, आणि तिचं तपासून झालेलं एक आपल्याकडे घेतलं.

"माझी सगळी तू बघ. दहा नाही, चाळीसच्या चाळीस. तुझी मी बघते." मग जरा थांबून, "आणि सापडली की मोठ्याने सांग. मला ऐकू आलं पाहिजे."

शाईवालीने मान डोलावली. पहिली रांग बरोबर होती. दुसरीही. तिसऱ्या रांगेत, काठावर, एक होती.

"ताई," ती मोठ्याने म्हणाली. "एक."

"एक," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.